ठरवूनच रायलो

महालक्ष्म्यांची बोळवण होऊन दोन दिवस झाले होते. ओसरीत झेंडूच्या सुकत आलेल्या माळा तशाच लटकत होत्या आणि बाबा बाजेवर बसून बैलाच्या कासऱ्याचे सुटलेले पेड पुन्हा वळत होते. त्यांच्या एका बाजूला मोबाइल, दुसऱ्या बाजूला कृषी केंद्रातून, म्हणजे खत-औषधांच्या दुकानातून, आणलेली पिशवी. पिशवीची गाठ अजून सुटली नव्हती.

त्या दिवशी त्यांना चार जणांनी चार गोष्टी सांगितल्या होत्या. दुपारी केंद्रवाला म्हणाला, बोंडअळी आली, आजच मारा, दोन्ही औषधं एकत्र करून मारा, म्हणजे एका फवाऱ्यात काम होते. गावात आलेले कृषी सहायक म्हणाले, काका, घाई करू नका, आधी सापळ्यातले बोंडअळीचे पतंग मोजा, आणि औषधं मिसळू तर नकाच. भाच्यानं पाठवलेल्या व्हिडिओतला माणूस हात हलवून सांगत होता की ढगाळ हवेत अळी बोंडात शिरली की मग काही उपाय नाही, एक दिवसही थांबू नका. त्याच्याच खाली आलेल्या दुसऱ्या व्हिडिओत तीन दिवस पाऊस होता आणि फवारा धुऊन जाणार होता. वर आमच्या वावराच्या दोन्ही धुऱ्यांपलीकडून, म्हणजे बांधांपलीकडून, सकाळपासून फवारणीच्या पंपाचा आवाज येत होता, तो वेगळाच.

मी सुट्टीला घरी आले होते. तासभर पाहत होते. पेड वळायचा, पिशवीकडे पाहायचं, मोबाइल उचलायचा, ठेवायचा, पुन्हा पेड. शेवटी मला राहवलं नाही.

"बाबा, काहीतरी एक ठरवा न आता. अंधार पडला."

"ठरवूनच त रायलो, पोरी."

त्यांनी मान वर केली नाही. आवाजात राग नव्हता, थकवा होता. मला मात्र ते उत्तर टाळाटाळीचं वाटलं. रात्री जेवताना मी त्यांच्याशी तुटकच बोलले. ती रात्र मला आजही लागते. काही महिन्यांनी वर्गात रंगीत खडू हातात घेऊन उभी असताना मला कळलं, की बाबा त्या तासाभरात खरोखर तेच करत होते, जे त्यांनी सांगितलं.

मी जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, दोन खोल्या. एका खोलीत पहिली आणि चौथी एकत्र बसतात, कारण पहिलीतल्यांना सांभाळायला चौथीतली मुलं कामी येतात. त्या दिवशी मी फळ्यावर हिरव्या खडूनं 'लाल' लिहिलं, पिवळ्यानं 'निळा', लाल खडूनं 'हिरवा', निळ्यानं 'पिवळा'. चौथीला सांगितलं, शब्द वाचायचा नाही, खडूचा रंग सांगायचा.

वर्गात सगळ्यात भराभर वाचणारी मुलगी उभी राहिली. "लाल... नाही, हिरवा." दुसऱ्या शब्दाला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. तिसऱ्याला तिचा हात तोंडावर गेला. तिला रंग ओळखता येत नव्हते असं थोडंच होतं! ती अडखळत असतानाच खिडकीपाशी सतरंजीवर बसलेला पहिलीतला एक पोरगा, ज्याचं अजून काना-मात्राशी भांडण चाललं होतं, मोठ्यानं ओरडला, "हिरवा, पिवळा, लाल, निळा!" एका दमात, कुठेही न थांबता. चौथीतली पोरं त्याच्याकडे बघतच राहिली. त्याला फळ्यावर काय लिहिलंय ते माहीतच नव्हतं. त्याच्यापुढे फक्त रंग होता.

हा खेळ माझा नाही. १९३५ साली जॉन रिडली स्ट्रूप नावाच्या माणसानं तो प्रसिद्ध केला, अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, नॅशव्हिल इथल्या एका महाविद्यालयात डॉक्टरेटसाठी केलेल्या कामातून. खेड्यातून, शेतीवाडीच्या मुलखातून आलेला माणूस. पुढे त्यानं मानसशास्त्रातलं संशोधन जवळजवळ सोडून दिलं आणि आयुष्य बायबल शिकवण्यात घालवलं. पण त्याचा तो एक प्रयोग आजही जगभर चालतो. त्यानं १०० विद्यार्थ्यांपुढे आधी साधे रंगीत चौकोन ठेवले. शंभर रंगांची नावं सांगायला सरासरी ६३.३ सेकंद लागले. मग तेच रंग, पण दुसऱ्याच रंगांच्या नावांनी छापलेले. आता ११०.३ सेकंद. रंग तेच, डोळे तेच, तोंडही तेच. मधले ४७ सेकंद गेले कुठे?

याच्या आधी, १८८६ मध्ये, जर्मनीतल्या लायप्त्सिग इथं काम करणाऱ्या जेम्स कॅटेलनं दाखवून दिलं होतं की रंगाचं नाव सांगण्यापेक्षा शब्द वाचायला कमी वेळ लागतो. वाचन एकदा अंगवळणी पडलं की ते आपण करत नाही, ते होतं. अक्षर दिसलं की मेंदू विचारत नाही, वाचू का? वाचून मोकळा होतो. रंगाला मात्र नाव शोधावं लागतं. दोघं एकाच दाराशी येतात, वाचलेला शब्द आधी पोहोचतो, आणि मग त्याला मागे ढकलून रंगाला पुढे आणावं लागतं. त्या ढकलाढकलीत वेळ जातो.

डवरणीच्या, म्हणजे उभ्या पिकातल्या कोळपणीच्या, वेळी बैलाच्या तोंडाला मुसकं बांधतात, तसं काहीसं हे आहे. बैल पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, दोन ओळींमधून चालतो, दोन्ही बाजूला कोवळा पाला. तो वाईट बैल नाही. पाला दिसला की तोंड जाणं हा त्याचा धर्मच आहे. म्हणून मुसकं. वाचता येणाऱ्या माणसाला रंग सांगायला लावला, की मेंदूला आपल्याच वाचनाला मुसकं बांधावं लागतं. बांधेपर्यंत एखादा घास गेलेला असतो. चौथीतल्या मुलीच्या तोंडून 'लाल' निसटलं ते असं.

मेंदूचे आतले फोटो काढता यायला लागल्यावर दिसलं की अशा वेळी कपाळाच्या मागे, दोन अर्धगोलांच्या मधल्या बाजूला असलेला एक भाग विशेष जागा होतो. त्याला अँटेरिअर सिंग्युलेट कॉर्टेक्स म्हणतात. संशोधकांनी २००१ च्या सुमारास मांडलेला विचार असा, की हा भाग आत दोन उत्तरांची ओढाताण चालू आहे हे ओळखतो आणि पुढच्या भागाला हाक देतो: लक्ष घट्ट करा. १९९२ मधल्या एका प्रयोगात हेही दिसलं होतं, की एकदा अशी अडचण येऊन गेली की लगेच पाठोपाठ येणाऱ्या तशाच अडचणीत मेंदू थोडा कमी अडखळतो. चौथीच्या मुलीचंही असंच झालं. चौथ्या शब्दाला ती हळू, पण बरोबर बोलली. म्हणजे तो थांबा रिकामा नसतो. त्या थांब्यात आत कोणीतरी खपत असतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आल्यावर मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तेच शब्द स्केचपेननं लिहिले. आधी आजीपुढे धरले. आजीला अक्षरओळख नाही. तिनं डोळे बारीक केले आणि लुगड्याचा पदर सावरत सांगून टाकलं, "हे हिरवं, हे पिवळं, हे लाल, अन् हे निळं. काहून वो, काय हाय याच्यात?" मग बाबांपुढे. बाबा सातवी शिकलेले. दुसऱ्याच शब्दाला थांबले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा तिथंच थांबले. मग कागद माझ्या हातात देत म्हणाले,

"अक्षर आडवं येते न."

इतकं नेमकं मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

शाळेत हे अक्षर आडवं येणं मला आता जागोजागी दिसतं. मी श्रुतलेखनात 'त्रेसष्ट' म्हटलं की दुसरीतली निम्मी मुलं ३६ लिहितात. कानावर तीन आधी येतो, हातानं सहा आधी लिहायचा असतो. 'एकोणऐंशी'ला तर मुलं ऐंशीच्या घरात जाऊन बसतात आणि परत यायला विसरतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढं वादळ उठलं होतं. भाषेची मोडतोड झाली म्हणणाऱ्यांचं दुःख मी समजू शकते, मलाही 'बावीस' प्रिय आहे. पण ज्यांनी ते सुचवलं त्यांना खडू धरलेल्या लेकराचा तो एक क्षणाचा थांबा दिसला होता, एवढं मी खात्रीनं सांगते. आमच्याकडची मुलं तर घरी 'मले' म्हणतात आणि पुस्तकात 'मला' वाचतात. कोलामी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या घरातली मुलं त्याच्याही पलीकडून चालत येतात. ती हळू नाहीत. त्यांना जास्त दारांवर मुसकं बांधावं लागतं.

पण फळ्यावरच्या खेळात एक सोय असते आणि ती माझ्या फार उशिरा लक्षात आली. खेळात मी आधी सांगून टाकते, रंग खरा, शब्द सोडून द्या. मेंदूला कोणाला मागे ढकलायचं हे माहीत असतं, ढकलायला वेळ लागतो इतकंच. बाजेवर बसलेल्या माझ्या बापाला हे कोणी सांगितलं होतं? केंद्रवाला म्हणजे रंग की अक्षर? कृषी सहायक? व्हिडिओतला माणूस? शेजाऱ्याचा पंप? चारही एकाच आवाजात, सारख्याच खात्रीनं बोलत होते. त्यातला खडूचा रंग कोणता, हेच आधी शोधायचं होतं, आणि मग बाकीच्या तिघांना मुसकं बांधायचं होतं. तेही अशा पिकासाठी, ज्याच्यावर पुढच्या वर्षाचं सगळं घर चालणार होतं.

पिवळ्या रंगाचंच घ्या. आमच्याकडे पिवळा म्हणजे हळद, लग्नघराची. रेशनचं पिवळं कार्ड म्हणजे घरात काही नसल्याचा दाखला. सोयाबीन पिवळं पडलं की मोझॅक रोग आला का म्हणून पोटात गोळा. त्याच वावरात पांढऱ्या माशीसाठी लावलेले पिवळे चिकट सापळे म्हणजे राखण. हवामान खात्याचा यलो अलर्ट म्हणजे लक्ष ठेवा, अजून घाबरायचं कारण नाही. त्याच्या वर नारंगी आहे, त्याच्या वर लाल. आणि कीटकनाशकाच्या डब्यावरचा पिवळा?

डब्यावर एक चौकोन असतो, कोनावर उभा केलेला. खालचा अर्धा रंगाचा, वरच्या अर्ध्यात सूचना. १९७१ च्या नियमांपासून ही पद्धत आहे. लाल म्हणजे अत्यंत विषारी, वर कवटी आणि हाडं. पिवळा त्याच्या लगेच खाली: अती विषारी, 'विष' हा शब्द लाल अक्षरात. मग निळा. मग हिरवा, तुलनेनं सौम्य. म्हणजे आभाळाच्या भाषेत पिवळा खालून दुसरा आणि डब्याच्या भाषेत वरून दुसरा. एकाच सकाळी एकाच माणसाला दोन्ही पिवळे वाचायचे असतात. वर डब्याच्या उरलेल्या अंगावर टवटवीत पानं, टपोरी बोंडं. घडी घातलेल्या माहितीपत्रकात अनेक भाषा दाटीवाटीनं, मराठी कुठेतरी मध्ये, मुंगीच्या पायाएवढी. आमच्या आजीला अक्षर आडवं येत नाही हे खरं, पण डब्यासमोर तिच्याजवळ फक्त रंगच उरतो, आणि हिरवा-निळा तिला कधी भीतीचे वाटलेलेच नाहीत. तिचा निळा म्हणजे आभाळ. अक्षर येणारा अडखळतो, न येणारा अडखळतच नाही आणि सरळ पुढे जातो. दोन्ही मला सारखेच भीतिदायक वाटतात.

आणि या सगळ्याच्या वर आपला शब्द. औषध. आपण त्याला औषध म्हणतो. औषध आणलं, औषध मारलं, औषधाचा पंप. डब्यावर कवटी, तोंडात औषध. हे कोणी मुद्दाम केलेलं नाही, पिकाचा रोग जातो म्हणून औषध, साधी गोष्ट. मीही लहानपणापासून तेच म्हणत आले.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. शेकडो दवाखान्यात होती. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याला लागली होती, हवेत दमटपणा साचलेला, वर पंपाचं तुषार अंगावर आणि नाकातोंडात. औषधं एकमेकांत मिसळून मारली गेली, हेही त्या वेळी पुष्कळ बोललं गेलं. काका चार दिवसांपासून तापानं फणफणले होते हे मला माहीत होतं. शाळा सुटायच्या वेळेला मायचा फोन आला.

"पोरी, काकाले औषध लागलं वो."

मी म्हणाले, "बरं झालं, माय."

फोनवर काहीच आवाज आला नाही. मला वाटलं रेंज गेली. खरं म्हणजे माय रडू आवरत होती. मी पुन्हा म्हणाले, "उतरला का ताप?" तेव्हा ती बोलली, "ताप काय वो पोरी! फवारताना लागलं. यवतमाळले घेऊन गेले त्यायले." आणि तरीही मला लगेच कळलं नाही. शब्द तेच, आवाज मायचा, पण 'लागलं'चे दोन अर्थ माझ्या डोक्यात एकमेकांसमोर उभे होते आणि कोणीच हटत नव्हतं. मी व्हरांड्यात उभी होते. मुलं दप्तरं घेऊन जात होती. कोणीतरी "मॅडम, जातो" म्हणालं आणि मी मान हलवली. किती सेकंद गेले असतील? फार नसतील. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात लांब सेकंद आहेत.

काका वाचले. ताप थोडा उतरल्यासारखा वाटला म्हणून सकाळी ते पंप घेऊन निघाले होते. बरेच दिवस त्यांना समोरचं अंधुक दिसायचं. घरी आल्यावर ते बाहेरच्या दगडावर बसून वावराच्या दिशेनं पाहत राहायचे आणि विचारायचे, "पऱ्हाटीवर लाल्या आला का बे?" लाल्या म्हणजे पऱ्हाटीची पानं लाल पडण्याचा रोग. तो आलेला नसायचा. त्यानंतर मी वर्गात फवारणीच्या डब्याला औषध म्हणत नाही. विष म्हणते. पहिल्यांदा चौथीतला एक पोरगा म्हणाला, "मॅडम, आमचे बाबा त औषध म्हनते." मी म्हटलं, घरी जाऊन सांग बाबांना. पुढे त्यानं सांगितलं की नाही, मी विचारलं नाही.

पेरणीच्या वेळेलाही हेच. बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी होते. घटाभोवती अठरा प्रकारचं धान्य मांडतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातले दाणे कसे हलले यावरून पाऊसपाण्याचं भाकीत सांगतात. आमच्या गावातली जुनी माणसं ती बातमी आजही कान देऊन ऐकतात. पंचांगात मृगाचं वाहन. हवामान खात्याचा अंदाज जिल्ह्याचा, आणि आमचं शिवार म्हणजे एका धुऱ्याला पाऊस, दुसऱ्याला ऊन. कृषी विद्यापीठाचं म्हणणं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. हे म्हणणं चांगलं आहे, कारण ते मोजता येतं. पण पहिला शिडकावा पडला, मातीचा वास सुटला, आणि शेजाऱ्यानं पेरणीची तिफण बाहेर काढली, की मग पर्जन्यमापक नसलेल्या गावात ७५ कशानं मोजायचे? १९७४ मध्ये एरिक्सन दांपत्यानं एक प्रयोग केला होता. मधल्या एका अक्षराकडेच बघा, आजूबाजूची सोडून द्या, असं सांगूनही आजूबाजूची अक्षरं उलटं उत्तर सुचवणारी असली की माणसं हळू होत. ते वाचलं तेव्हा मला आमचं वावर दिसलं. मधलं आमचं, दोन्ही धुऱ्यांना चाललेल्या तिफणी.

घाईनं पेरलं आणि पाऊस उघडला, तर दुबार पेरणी. थांबला आणि पाऊस लागून राहिला, तर वाफसा, म्हणजे पेरण्याजोगी ओल, निघून जातो. आणि मग कुठल्या तरी प्रशिक्षणात, पंख्याखाली बसून, कोणीतरी म्हणतं की शेतकरी वेळेवर निर्णय घेत नाही. मी अशा एका कार्यक्रमात मागे बसले होते. तेव्हा बोलले नाही. आता बोलते. ज्यांनी त्याच्या कानात चार उलट गोष्टी ओतल्या, त्या उशिराचे धनी तेही आहेत. दुकानदाराला माल खपवायचा असतो, व्हिडिओवाल्याला लोक खिळवून ठेवायचे असतात, आणि त्यांच्या चुकीच्या सल्ल्याचं बियाणं त्यांच्या घरातून जात नाही.

२०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेला एक अभ्यास मला कधीच विसरता येत नाही. तमिळनाडूतले ४६४ ऊस उत्पादक शेतकरी. प्रत्येकाला दोनदा गाठलं, एकदा ऊस तुटायच्या आधी, हातात पैसा नसताना, आणि एकदा पैसे आल्यावर. दोन्ही वेळा त्यांना स्ट्रूपसारखाच खेळ दिला, पण आकड्यांचा, म्हणजे कमी शिकलेल्यालाही जमेल असा. समजा समोर '५५५' आहे. किती आकडे आहेत ते सांगायचं. तोंडात पाच येतं, उत्तर तीन. तोच माणूस, तेच डोकं. पण तोडणीच्या आधी तो जास्त हळू होता आणि जास्त चुकत होता. अभ्यासकांचं म्हणणं होतं, की पैशाची काळजीच मेंदूतली जागा व्यापून बसते.

आमच्याकडे ऊस नाही. आमचा तो काळ पोळ्यापासून दसऱ्यापर्यंतचा. खत उधारीवर आणलेलं, निंदणाच्या बायांची मजुरी देऊन झालेली, पोरांच्या फिया भरलेल्या, पोळ्याला बैलांचा साज आणि महालक्ष्म्यांना सोळा भाज्या झालेल्या, आणि कापूस अजून बोंडात. बोंडअळीही नेमकी तेव्हाच येते. घरात पैसा सगळ्यात कमी असतो तेव्हाच सल्ले सगळ्यात जास्त असतात. बाबा मला ज्या संध्याकाळी दिसले, ती त्या दिवसांतली होती. त्यांच्यापुढे मी आकड्यांचा खेळ कधी धरला नाही. धरणारही नाही.

त्या रात्रीनंतरची सकाळ सांगायची राहिली.

बाबांनी मला पहाटेच उठवलं. "चाल, वावरात जाऊन येऊ." पिशवी तिथंच बाजेखाली होती, गाठ तशीच. मोबाइल त्यांनी देवळीत ठेवला. रस्त्यात ते बोलले नाहीत, मीही आदल्या दिवशीच्या तुटकपणात अडकलेली. वावरात दव होतं, पऱ्हाटी कमरेच्या वर आलेली. बाबा ओळींमधून आडवे-तिडवे फिरले, कुठलंही एक झाड निवडून नाही, चालता चालता हात जाईल तिथून, आणि हिरवी बोंडं तोडून माझ्या ओढणीत टाकत गेले. एक डोमकळी दिसली, अळी शिरलेलं फूल, पाकळ्या चिकटून गुलाबासारखं मिटलेलं. ती त्यांनी तोडून चुरगाळली आणि पुढे गेले. वीस बोंडं झाल्यावर आम्ही धुऱ्यावरच्या पळसाखाली बसलो. त्यांनी एक चपटा दगड पुसून घेतला आणि विळ्याच्या मुठीनं पहिलं बोंड फोडलं.

"तू मोज. विसात दोन निघाल्या त फवारा लागते. कृषीवाले तेच सांगत होते काल, मी नीट आयकलंच नव्हतं."

आतली सरकी ओली, पांढरीशुभ्र. बाबा प्रत्येक फाक नखानं उकलून, उजेडाकडे धरून बघत होते. दोन्ही धुऱ्यांपलीकडे पंप सुरू झाले होते आणि वाऱ्यावरून तो उग्र वास यायला लागला होता. मी ओढणीचं टोक नाकाला लावलं. बाबांनी वर पाहिलंही नाही. सातव्या बोंडात अळी होती, बारीक, गुलाबी छटेची, सरकीला डोकं लावून. "एक," मी म्हणाले. त्यांनी ती विळ्याच्या टोकानं बाजूला केली. आठ. नऊ. दहाव्याला ते बराच वेळ थांबले, फाक पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली, आतल्या सालीवरची एक रेघ अंगठ्यानं पुसली आणि ठेवून दिलं.

"नाई. साफ हाय."

अकरा, बारा, तेरा. आता त्यांचा हात भराभर चालत होता.

"वीस," मी म्हणाले. "एकच निघाली, बाबा."

त्यांनी विळा गवताला पुसला, फुटलेली बोंडं गोळा करून माझ्या ओढणीत परत टाकली, बकऱ्यांसाठी, आणि उठून सापळ्याकडे निघाले.